कुनैन

शनिवारी रात्री साडेआठला पास्टर साहेबांचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाऊजला हूक लावत बसले होते. नोव्हेंबरातली गोष्ट आहे. पास्टर साहेबांकडे चार गावं आणि एक मोटरसायकल, ती गिट्टीवर घसरली आणि पाय घोट्यात सुजून टम्म झाला. म्हणाले, ताई, उद्या मले येणं होत नाही, उपदेश तुम्ही द्या.

मी म्हटलं, मी? मी तर सतरंज्या टाकते.

"सतरंज्या कोणीबी टाकन. शास्ते, सहावा अध्याय. वाचा, दहा मिनिटं बोला, प्रार्थना करा. झालं." आणि ठेवला फोन.

झालं म्हणे.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, एकोणीस घरांची. यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटर आत, टिनाचं छत, बाजूला कडुनिंब, आत एक ढोलकी आणि एक पेटी जिचे दोन सूर वाजत नाहीत. वेचणीच्या दिवसांत आम्ही उपासना सकाळी आठलाच उरकतो म्हणजे बायकांना नंतर वावरात जाता येतं. एवढ्याशा लोकांपुढं दहा मिनिटं बोलायचं, त्यात काय एवढं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण माझ्यासाठी ते एवढंसं नव्हतं, कारण मी कुनैन आहे.

हे सांगायलाच लागेल. मी बारा वर्षांची होते, माहेरच्या मंडळीत नाताळची उपासना, नवीन फ्रॉक, आणि मला बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायाचं वाचन दिलं होतं. पहिलं वचन झकास गेलं, कैसर औगुस्तची आज्ञा वगैरे. दुसऱ्या वचनात तो सूरियाचा सुभेदार येतो, क्विरीनिय. आता सांगा, खेड्यातल्या पोरीनं हा शब्द कुठं ऐकलेला असणार? मी क्विनी म्हटलं, मग क्विरनी म्हटलं, मग घाबरून एकदाचं "कुनैन" म्हटलं आणि पुढं गेले. पण मंडळी काही पुढं गेली नाही. ज्या गावात निम्मी घरं मलेरियानं कुनैनच्या गोळ्या खाऊन तोंड कडू करून बसलेली, तिथं सूरियाचा सुभेदार कुनैन निघाला म्हटल्यावर लोक हसणारच. पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या बाबांनी खाली पाहिलं. लोकांच्या हसण्यापेक्षा ते खाली पाहणं मला जास्त लागलं. लग्न होईपर्यंत माहेरच्या गावात मी कुनैनच होते.

त्या दिवसानंतर मी चारचौघांत मोठ्यानं वाचलं नाही. दहावीला गणितात दोनदा गेले, तिसऱ्यांदा निघाले, तेव्हाही मला वाटलं पेपर तपासणाऱ्याची चूक झाली असणार. बँकेत स्लिप भरायची तर मी यांना पाठवते. बचत गटाचा हिशोब मी तोंडी अचूक सांगते पण वहीवर सही करताना पेन दुसरीकडं सरकवते. आणि गंमत म्हणजे कात्री हातात असली की माझा हात कधीच थरथरत नाही. पाचशे रुपये मीटरचं कापड मी एका दमात कापते. म्हणजे कॉन्फिडन्स नावाची गोष्ट माझ्यात नाहीच असं नाही, ती फक्त कात्रीजवळच राहते, माझ्यासोबत मंडळीत येत नाही.

तर त्या रात्री सगळे झोपल्यावर मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि त्यातलं शास्ते नावाचं पुस्तक काढलं. गिदोनची गोष्ट मला माहीत होती, म्हणजे संडे स्कूलमध्ये शिकवतात तेवढी. तीनशे माणसं, मडकी, मशाली, कर्णे, शत्रू पळाला. चित्रात तो नेहमी दाढीवाला पैलवान दाखवतात. पण मी पहिल्यांदाच सुरुवात नीट वाचली. मिद्यानी लोक दरवर्षी इस्राएल लोकांचं पीक तयार झालं की टोळधाडीसारखे यायचे आणि सगळं लुटून न्यायचे, आणि त्यांच्या भीतीनं गिदोन द्राक्षकुंडात गहू झोडत होता.

मी तिथंच थांबले. द्राक्षकुंड म्हणजे द्राक्षं तुडवायचा खडकात खोदलेला खड्डा. आता तुम्ही शहरातले असाल तर ह्या ओळीवरून सरळ पुढं जाल. पण आम्ही थ्रेशर यायच्या आधीचे दिवस पाहिलेत. खळं नेहमी उघड्यावर, उंचवट्यावर, जिथं वारा खेळतो तिथं करायचं. बाबा तिवईवर उभे राहून टोपलं तिरपं धरायचे, दाणा सरळ खाली पडायचा आणि भुसा वाऱ्यानं बाजूला जायचा. वारा पडला की काम बंद, मग सगळे कडुनिंबाखाली बसून वाऱ्याची वाट पाहायचे. खड्ड्यात कुठला वारा? खड्ड्यात उडवलं तर दाणाही तिथंच आणि भुसाही तिथंच, अर्धा नाकातोंडात, अर्धा डोळ्यात. जीव तोडून काम करायचं आणि हाती येणार ते भुशासकट. भित्रा माणूस कमी मेहनत करतो असं कोण म्हणतं, तो दुप्पट करतो, फक्त खड्ड्यात करतो.

आणि अशा ह्या भुशानं माखलेल्या माणसाला देवाचा दूत येऊन काय म्हणतो, तर शूर वीरा, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. मला हसूच आलं. दूत असला तरी थोडं बघून तरी बोलावं.

पण गिदोन हसला नाही, तो भांडला. परमेश्वर आमच्याबरोबर आहे तर मग हे सगळं आमच्यावर का आलं? बापजादे ज्या चमत्कारांच्या गोष्टी सांगायचे ते कुठं गेले?

इथं मला पुस्तक बंद करावं लागलं. कारण हा प्रश्न माझा होता, तारखेसकट.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला लागत नाही. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, बोंडअळी, आणि फवारणी करता करता विष अंगात भिनून त्या हंगामात वीसेक माणसं गेली, आजारी पडलेली तर शेकड्यांनी. आमचे हे पण पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता दुपट्टा बांधून गेले होते, दुपट्टा मीच बांधून दिला होता. संध्याकाळी म्हणाले डोळ्यापुढं धुकं आलं. मग उलट्या. मग दवाखाना, चार दिवस. बाजूच्या खाटेवर एक मजूर पोरगा होता, वय असेल पंचवीस, त्याची बायको सारखी त्याचे तळपाय चोळायची. ती तिच्या देवाला म्हणत होती, मी माझ्या. खरं सांगायचं तर मी म्हणत नव्हते, मला प्रार्थना येतच नव्हती, नुसते ओठ हलत होते. तिसऱ्या दिवशी ती खाट रिकामी झाली.

हे घरी आले. भेटायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, ताई, तुमच्या विश्वासानं वाचले हो. त्यांनी प्रेमानंच म्हटलं. पण मला ते वाक्य आजपर्यंत पचलेलं नाही. कुठला विश्वास? मला तर दोन शब्द जोडता आले नव्हते. आणि तसं असेल तर तळपाय चोळणारी ती कमी पडली का? हे मी कुणाला विचारलं नाही, पास्टर साहेबांनाही नाही, वाटलं की विचारलं तर सगळ्यांना कळेल की ही आतून पोकळ आहे, नुसती रविवारची सतरंजीवाली आहे. तेव्हापासून माझ्या दोन शंका एकमेकींत गुंतून गेल्या, एक माझ्याबद्दलची आणि एक देवाबद्दलची, दोरा गुंतावा तशा, कुठला कुठून सुरू होतो ते सापडत नाही.

पुस्तक परत उघडलं, उत्तर काय दिलं ते बघू म्हणून. तर उत्तर दिलेलंच नाही. खरंच नाही, तुम्ही वाचून बघा. 'हे आमच्यावर का आलं' ह्याला देव एक अक्षर बोलत नाही. तो एवढंच म्हणतो की तुझ्या ह्याच बळानं जा. मी विचार करत बसले, ह्याच म्हणजे कुठल्या? त्यानं तोवर दोनच गोष्टी केल्या होत्या, खड्ड्यात का होईना पण घरच्यांसाठी गहू झोडला होता, आणि तोंडावर तक्रार केली होती. मग त्यालाच बळ म्हटलं असेल का? मला माहीत नाही. पण रागावलाही नाही देव त्याच्यावर, हे मला त्या रात्री फार मोठं वाटलं.

पुढं गिदोन म्हणतो, माझं कूळ मनश्शे वंशात सगळ्यात गरीब आणि घरात मी सगळ्यात लहान. अगदी आपल्यासारखं. मी मान हलवली. पण दहाबारा ओळी पुढं गेलं की हाच माणूस रात्री बआल नावाच्या परक्या देवाची वेदी पाडायला जातो तेव्हा सोबत स्वतःचे दहा गडी नेतो. दहा गडी! आमच्या गावात दहा गडी ठेवणारा एक माणूस आहे आणि तो गरीब आहे असं कोणीच म्हणत नाही. म्हणजे गिदोन खोटं बोलला का? नसेल बोलला. त्याला तसंच वाटत असणार. स्वतःवर शंका घेणारा माणूस मोजायला बसला की आपलं माप नेहमी कमीच भरतो, मी टेलर आहे, मला कळतं. टेप बरोबर असते, धरणारा हात आखडलेला असतो.

एवढं वाचून झालं तरी मी उद्या जाणार नव्हते. उलट मी गिदोनचीच ट्रिक केली. त्यानं लोकर ठेवली होती, लोकर भिजू दे आणि जमीन कोरडी राहू दे. माझ्याकडं लोकर नाही, पण लाईन होती, म्हणजे नव्हती, संध्याकाळीच गेली होती. मी म्हटलं, प्रभू, अकराच्या आत लाईन आली तर जाईन. दहा चाळीसला आली. पंखा फिरला, मोटारीचा आवाज वावरातून आला. आणि मी लगेच म्हटलं, हे काही खरं नाही, ह्या आठवड्यात थ्री फेज रात्रीचीच आहे, ती येणारच होती. गिदोननंही तेच केलं म्हणा, दुसऱ्या रात्री उलटं मागितलं, आता लोकर कोरडी आणि जमीन ओली. माझ्याकडं दुसरी रात्र नव्हती.

यांची झोप मोडली. "काय करून रायली वं इतक्या रात्री?"

सांगितलं.

"मंग दे ना उपदेश."

"मले नाई जमत."

"मले तरी कुठं जमत होतं जगणं," असं म्हणून कूस बदलून घोरायला लागले. हा माणूस असाच आहे, जेवढं बोलायचं तेवढं बोलतो आणि झोपतो.

सकाळी सहाला शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या. काकू गजानन महाराजांच्या, दरवर्षी पायी शेगावला जाणाऱ्या. मी चुलीपुढं एकटीच बडबडत होते तर म्हणाल्या कोणाशी बोलतं वं. मी त्यांनाच बसवलं आणि सगळी गोष्ट सांगितली, खड्डा, दूत, तक्रार, लोकर, दोनदा लोकर. काकूंनी चहा फुंकत फुंकत ऐकलं आणि म्हणाल्या, "पोट्टं बी लय नाटकी दिसते, आन तुमचा देव बी लय चिवट दिसते बाप्पा. दुसरा असता त सोडून दुसरं पोट्टं धरलं असतं." मी ते वाक्य तसंच्या तसं उपदेशात घातलं, काकूंना सांगितलेलं नाही अजून.

आबाजींची पण आठवण आली. माझे आबाजी यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत मेसमध्ये स्वयंपाकी होते. ती सेमिनरी १९५३ ला यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ ला पुण्याला गेली, मी त्याच साली जन्मले, म्हणून आबाजी म्हणायचे एक गेली आन एक आली. ते सांगायचे की हिब्रू-ग्रीक शिकलेले मोठमोठे पोट्टे, पण पहिल्या उपदेशाच्या दिवशी नाश्त्याची ताटं तशीच्या तशी परत यायची, त्या दिवशी पोहे कमीच भिजवायचे. मीही त्या सकाळी काही खाल्लं नाही.

आठ वाजले. गीत झालं. मी उभी राहिले आणि वाचायला घेतलं, आणि सहाव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात तो दूत बसतो ते झाड कोणाचं, तर अबियेजरी योवाशचं. रात्री मी हे नाव वीस वेळा म्हटलं होतं. अबिये, अबीरे, अबीजे. मागं एक पोरगा खुदकन हसला. मला घाम फुटला, आणि तोंडातून काय निघावं, तर मी म्हटलं, लहानपणी मी क्विरीनियला कुनैन म्हटलं होतं. का म्हटलं कुणास ठाऊक. सासरी ही गोष्ट यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. लोक असे हसले, असे हसले की माहेरचे बरे. आणि हो, लागलं मला. पुस्तकात असतं तसं हसण्यानं मन मोकळं वगैरे काही झालं नाही, कान गरम झाले, पाय लटपटले. फक्त एक म्हातारी आजी म्हणाली, "सांग माय पुढं, त्या खड्ड्यात काय झालं?"

मग मी खड्ड्याचं सांगितलं. वारा, भुसा, तिवई. त्या सगळ्या वावरात राबणाऱ्या बाया, त्यांना काही समजावून सांगायला लागलं नाही, नाकात भुसा गेल्यासारखी तोंडं केली त्यांनी. २०१७ चं पण सांगितलं, बाजूच्या खाटेचं सांगितलं, आणि उत्तर नाही दिलं देवानं हे पण सांगितलं. एवढं शांत आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळीच असतं. घड्याळ पाहिलं तर पंचवीस मिनिटं झाली होती आणि तीनशे माणसांपर्यंत मी पोचलेच नव्हते.

ते राहिलेलं इथं सांगते, कारण मला तोच भाग सगळ्यात आवडतो. बत्तीस हजार माणसं जमली, देव म्हणाला जास्त झाली, जो भीत असेल त्यानं घरी जावं. बावीस हजार निघून गेले. आता ह्या सगळ्यांत सगळ्यात भित्रा कोण, तर गिदोन, आणि त्यालाच तेवढी जायची परवानगी नव्हती. दहा हजारांतले तीनशे उरले, आणि अगदी शेवटच्या रात्री देव त्याला म्हणतो, तुला भीती वाटत असेल तर आपल्या पुरा नावाच्या गड्याला घेऊन खाली छावणीपर्यंत जा. आणि हा जातो! म्हणजे दूत झाला, दोनदा लोकर झाली, सगळं झालं, तरी भीती तिथंच. खाली जाऊन अंधारात ऐकतो तर एक मिद्यानी शिपाई आपलं स्वप्न सांगतोय, जवाची एक भाकर गडगडत आली आणि तंबूवर आदळली, तंबू उलथा. जव म्हणजे गरिबाचं धान्य. शत्रूच्या स्वप्नात हा भाकर होऊन गेला होता आणि ह्याला खबर नाही.

यूट्यूबवर काही उपदेशक असतात, सूट घातलेले, ते म्हणतात शंका म्हणजे पाप, शंका आली की आशीर्वाद अडतो. मी ते बघणं सोडलं. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक, आणि प्रभू त्याला आधी वाक्य नीट करून आण असं म्हणत नाही, पोरगं बरं करतो. आणि पंडिता रमाबाई घ्या. १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी जिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं, तिचा बाप्तिस्मा १८८३ चा, आणि तिनंच लिहून ठेवलंय की तिला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे कळायला आठ वर्षं लागली. एवढी बुद्धी असून आठ वर्षं. तिथं मी दहावी तिसऱ्या झटक्यात.

व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतं, स्वतःवर विश्वास ठेवा, सोबत सूर्योदय. मी कोणाला वाईट म्हणत नाही, पण स्वतःवर ठेवायचा म्हटलं तर मला स्वतःची सगळी उसवलेली शिवण माहीत आहे, बाहेरून दिसत नाही एवढंच. आणि गिदोनचं पण बघा, शेवटी शेवटी त्याला लोक राजा हो म्हणाले, तो नाही म्हणाला, इथवर ठीक. मग त्यानं लुटीचं सोनं गोळा करून एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, बनवलं आणि सगळे इस्राएल लोक त्या एफोदाच्याच पाया पडायला लागले. भीती होती तोवर माणूस देवाला विचारून विचारून चालत होता. लोकर ठेवायचा बंद झाला तिथं घसरला, हे माझं मत, पास्टर साहेबांना पटत नाही.

तर नोव्हेंबरनंतर मी तीनदा उपदेश दिला. तिन्ही वेळा आदल्या रात्री पोटात तोच गोळा, तिन्ही सकाळी ताट तसंच. मंडळीतली पोरं आता मला कुनैन मावशी म्हणतात. ह्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि आता हे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडं प्रभू येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पास्टर साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या. मला चौथा आला. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? बाकी सहा राहिले बाजूला, नेमका हाच, आणि तो मूळ भाषेत वाचायला लागतो, एलोई, एलोई, लमा सबखथनी. मी बघताक्षणी म्हटलं, झालं, परत कुनैन. मग पुढचं वचन वाचलं. क्रुसाजवळ उभे होते त्यांनी पण चुकीचंच ऐकलं म्हणे, त्यांना वाटलं हा एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय. म्हणजे त्या एवढ्या मोठ्या वाक्याचं पण लोकांनी भलतंच केलं होतं.

आज गुरुवार आहे. गरम इतकं होतंय की टिनाखाली बसवत नाही, मी अंगणात खाटेवर बसून मोबाईलवर हे लिहितेय. उद्याच्या कागदावर संध्याकाळपासून एकच ओळ लिहिलीये, 'प्रभूनं पण का म्हणून विचारलं, आणि वरून उत्तर आलं नाही', त्याच्या पुढं काय लिहायचं ते सुचत नाहीये. हे आत्ता उठून पाणी प्यायले, विचारलं झालं का, मी म्हटलं नाही, म्हणाले तेवढंच सांग. लाईन गेलीये. अकराच्या आत येते का मी ह्या वेळेस बघत नाहीये, पण घड्याळाकडं डोळे जातातच.